उघडं राहिलेलं बेडं

वैभववाडीच्या बाजारात एके काळी काशीरामचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर वर पत्रा, खाली पाण्याचं घमेलं आणि हवा भरायचा पंप. मोटारसायकली आल्या तशा सायकली माळ्यावर गेल्या आणि काशीराम घरी बसला. थोडे काजू, थोडं भात, यावर पोट भरत होतं. पण माणसाला नुसतं पोट नसतं, चार लोकांत नाव घेतलं जावं असंही वाटतं. ते काही होईना.

झालं ते पन्नाशी उलटल्यावर. कोल्हापूरकडचा ओंकार नावाचा तरुण जाड टायरची सायकल घेऊन घाट उतरला आणि बाजारात विचारत सुटला, की मोटार अजिबात फिरकत नाही अशी रानातली वाट कुठे आहे. लोक हसले. इथे जो तो डांबर मागतो आणि हा गडी खडी मागत होता. काशीरामला मात्र अशा वाटा पाठ होत्या. दुकानात जाता-येता त्याने आयुष्यभर त्याच तुडवल्या होत्या. लाकडाच्या गाड्यांसाठी पाडलेली जुनी वाट, ऐन-किंजळीच्या सावलीतून जाणारी जंगलखात्याची मातीची सडक, ओढ्यापर्यंतची लाल उतरण. ओंकार त्या वाटांनी फिरून आला तो वेडाच होऊन. पुढच्या हिवाळ्यापासून दर सुट्टीला टोळकी येऊ लागली आणि काशीराम त्यांचा वाटाड्या झाला. त्यांनी त्याला गिअरची सायकल दिली, डोक्यावर हेल्मेट चढवलं, तोंडभर ‘काका’ म्हटलं. गावातले चेष्टेने ‘सायकलसायब’ म्हणत, तेही त्याला गोडच लागे. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं कोणाला आवडत नाही?

ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एका जागी रान संपतं आणि मथुराचा मळा लागतो. मथुराचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. भात कापलं की त्याच जमिनीत ती कुळीथ करते आणि वर्षभराची पिठी त्यातून काढते. रान आणि मळा यांच्यामध्ये दगडी गडगा आहे, आणि गडग्यात वाटेपुरतं बेडं, म्हणजे दोन खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. ज्याने उघडलं त्यानेच घालायचं, हा कायदा इथल्या पोराला चालायला लागल्याबरोबर कळतो. वरच्या रानात शिवा नावाचा गुराखी त्यांच्या वाडीची गुरं चारतो. बेडं घातलेलं असलं की दुपारी त्याचा डोळा लागला तरी बिघडत नाही. काशीरामही नेहमी सगळ्यांच्या मागे राही, सायकली पार झाल्या की हाताने बांबू घाली आणि मगच पेडल मारी.

माघातल्या त्या रविवारी ओंकार म्हणाला, “काका, आज तुम्ही पुढे. मी खाली ओढ्याशी उभा राहतो, उतारावर तुमचा व्हिडिओ घेतो.”

काशीरामने बांबू सरकवले, बाजूला टेकवले आणि सगळ्यांत आधी निघाला. वारा छातीवर घेत अर्धा उतार आला तेव्हा त्याला बेडं आठवलं. त्याने ब्रेक दाबून पाय टेकला. मागचे एकेक करत शिट्ट्या मारत पुढे गेले. शेवटच्याला विचारायचं होतं, बेडं घातलंत का? शब्द ओठांवर आले होते. पण ही मंडळी उंच्या, अंतरं, गिअर यांच्या गोष्टी बोलणारी, आणि त्यांच्यात आपण चार बांबूंसाठी ओरडायचं? त्याला लाज वाटली. ज्या गोष्टीची लाज वाटायला नको तिचीच वाटली, आणि पुढचं सगळं तिथून झालं.

“काका, थांबू नका, या या,” खालून ओंकारने हात केला.

कोणीतरी घातलं असेल, असं स्वतःला सांगून काशीराम निघाला, आणि कॅमेऱ्यासमोरून जाताना हसलासुद्धा.

संध्याकाळी मथुरा मळ्यात उभी होती. कापणीला आलेला कुळीथ गुरांनी खाल्ला होता आणि जो खाल्ला नाही तो तुडवला होता. ती रडत-ओरडत नव्हती, नुसती वाकून शेंगा उचलत होती. वाडी जमली. मान खाली घालून उभ्या असलेल्या शिवाला सगळे विचारत होते.

“मी सकाळी गुरां वर काढलंय, मगे बेडां घातलंय. माका याद आसा,” शिवा म्हणाला.

गावचे मानकरी हरिश्चंद्र काशीरामकडे वळले. “तू सायकली घेवन थंयसून इलंस मां? तेव्हा बेडां कसां व्हतां?”

खरं बोलायला तेव्हा एक श्वास पुरला असता. “उघडांच व्हतां,” काशीराम म्हणाला. “माका वाटलां, मागना कोण गुरां घेवन येता आसात.”

आपल्या तोंडून हे किती सहज निघालं, याचंच त्याला भय वाटलं. शिवाने वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काशीरामला सोसला असता. शिवा म्हणाला, “काशीराम सांगता म्हणजे तसांच आसतलां. इसारलंय आसान मी.”

करून गेलो गाव आणि कांदळगावाचां नाव, अशी आमच्याकडे म्हण आहे, म्हणजे करणारा एक आणि नाव दुसऱ्याचं. म्हणीत त्या कांदळगावाला निदान आपण काही केलेलं नाही हे ठाऊक असतं. शिवाला तेवढंही उरलं नाही.

ओंकारचा व्हिडिओ आला. वाडीतल्या प्रत्येक फोनवर काशीराम उतार उतरत होता, हसत होता. सावित्रीने, त्याच्या बायकोने, तो शेजारणींना बोलावून दाखवला. बेडं त्यात कुठेच नव्हतं. खाई त्याला खवखवे, तसं ते फक्त काशीरामला दिसत होतं. पुढच्या रविवारी अंगात कसर आहे सांगून तो घरीच राहिला.

गडग्याकडून जाताना एकदा त्याला शिवा दिसला. गुरं पुढे गेली होती. शिवाने बांबू घातले, चार पावलं गेला, परत आला, बांबू चाचपले. पुन्हा गेला आणि पुन्हा परत आला. काशीरामला पाहून ओशाळून हसला.

“काय करतलंय,” तो म्हणाला. “बापाशीचां असांच सुरू झाल्लां. शेवटाक घराची वाट गावा नाय तेका. आता माझी पाळी इली दिसता.”

“तसां काय नाय रे,” काशीराम म्हणाला. याहून जास्त त्याला बोलवलं नाही, आणि घरी येईपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत राहिला. एवढ्याशा धैर्याचा माणूस आपण, आणि वाटाड्या म्हणवून घेतो.

मथुराने शिवाकडे भरपाई मागितली नाही. देवासमोर नारळ ठेवून चूक कबूल कर, एवढंच तिचं म्हणणं होतं. सोमवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात वाडी जमली. शिवा धुतलेला सदरा घालून आला. त्याने नारळ ठेवला आणि हरिश्चंद्रांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या दारात उभां आसा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. काशीरामही म्हणाला.

“तेच्या हातसून बेडां उघडां रवलां, मथुराचां नुकसान झालां.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले. आणि त्यांच्याबरोबर, हात जोडून, डोळे मिटून, शिवाही म्हणाला.

काशीरामने मात्र हा होकार दिला नाही. शिवाच्या तोंडून तो आलेला त्याने ऐकला होता.

“थांबा,” तो म्हणाला. आवाज फाटला. “बेडां घातल्लां व्हतां. मी उघडलंय. मी घालूक नाय. आणि मगे खोटां सांगितलंय.”

मथुराने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. काशीराम शिव्यांची वाट पाहत उभा होता, एखादी थप्पडही चालली असती. शिवा जवळ आला. शिवी देण्याचं त्याच्या मनातही नव्हतं.

“म्हणजे माका याद व्हती ती खरी?”

“खरी.”

“मी घातल्लंय?”

“तू घातल्लंस.”

शिवा खांबाला टेकून खाली बसला आणि पोरासारखा रडू लागला. माझां डोक्यां बरां आसा, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग सदऱ्याला डोळे पुसून उठला, देवासमोरचा नारळ उचलला आणि काशीरामच्या हातात दिला.

हरिश्चंद्रांनी घसा खाकरला. “बा देवा म्हाराजा,” त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं, आणि या खेपेस काशीरामचं नाव घेतलं. लोकांनी होकार दिला. त्यातून शिवाचा आवाज काशीरामला वेगळा ओळखू आला. काशीरामने मान वर केली नाही.