आत्तींच्या हातांचा शेक

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. बावड्यातल्या आमच्या दोन्ही म्हशी त्यांच्याशिवाय कुणालाही धार काढू देत नाहीत. पण संधिवातानं त्यांची बोटं सुजली, वाकडी व्हायला लागली. सकाळी मूठ वळायला अर्धा तास लागायचा.

तेवढ्यात कळलं, एका दवाखान्यात हाताच्या संधिवातावर यंत्राच्या खोल शेकाची चाचणी चालू आहे. मी त्यांना घेऊन गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, निम्म्या लोकांना खरा शेक मिळेल, निम्म्यांचं यंत्र नुसतं चालू असल्यासारखं दिसेल. कुणाचं कुठलं, ते शेवटी कळेल.

मी म्हटलं, "आत्ती, हेलपाटे फुकट जातील."

"जाऊ देत की. हे लागू पडतंय का न्हाय, ते कुणाला तरी कळाय नको व्हय?"

शेकाच्या वेळी हातात धातू चालत नव्हता. आत्तींच्या सुजलेल्या बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. लग्नातली अंगठी ती. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून सोनाराकडे गेल्या आणि कापून घेतली.

सहा आठवडे आम्ही जात होतो. दर वेळी बाई विचारायच्या, "दुखणं शून्य ते दहात किती?" आत्ती म्हणायच्या, "सात." पुढच्या वेळी परत सात. बाकावरची एक आजी कुजबुजली, "कमी सांगा ओ, त्या शेक देणाऱ्या पोरीला बरं वाटंल."

"तिला बरं वाटाय मी खोटं कशाला सांगू?" आत्ती एवढ्या मोठ्यानं बोलल्या की मला मान वर करवेना. दुखणं थांबवायला त्यांनी घेतलेली प्रत्येक गोळी मला वहीत लिहायची होती. एकदा दोन गोळ्या लिहायच्या मी विसरले, तर त्यांनी मला चुलीपुढनं उठवून लिहायला लावलं.

शेवटच्या दिवशी बाई अडखळतच म्हणाल्या, "आजी, तुमच्या यंत्रात शेक नव्हता."

माझा संताप झाला. आत्ती मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजे माझी बोटं खरं बोलत हुती की!"

बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "सगळे तुमच्यासारखं सांगतील, तरच आम्हाला काही कळेल," म्हणाल्या. त्या बाकावरच्या कुजबुजीच्या वेळी मला ज्या आत्तींची लाज वाटली होती, त्यांच्याकडे मी तेव्हा नव्यानं बघितलं.

शेक न मिळालेल्यांना नंतर खरा शेक देत, तसा आत्तींनाही मिळाला. बोटं वाकडीच राहिली, पण सकाळी मूठ लवकर वळायला लागली. शेवटी बाईंनी आकडा विचारला.

"पाच," आत्ती म्हणाल्या. मग जरा विचार करून, "चार म्हणाय जीभ रेटंना."

आता चाचणीला नवे लोक आले की बाई आत्तींनाच बोलावतात, समजावून सांगायला. गुरुवारी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून तयार असतात, आणि मी स्कूटर काढते.