तिसरा पुकारा

पांढरकवड्याच्या कोर्टाने ज्याला कधी हाक मारली नाही, असं घर केळापूर तालुक्यात शोधावं लागेल; आणि कोर्टाची हाक म्हणजे श्रीकृष्ण मुळावकरांची हाक. बांधाचं भांडण असो, फारकत असो की हायवेवर उलटलेला ट्रक असो, साहेबांनी मान हलवली की श्रीकृष्णराव दारात यायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि पक्षकाराचं नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारायचे. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत आला तो हजर, नाही आला तो गैरहजर. टपरीवर बसलेला माणूस कप तसाच ठेवून धावत यायचा. नोकरी शिपायाची होती, पण वकीलमंडळी त्यांना ‘रेडिओ’ म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

घरी मात्र बोलायचं खातं कुंदाबाईंकडे होतं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. मुळावकरांचं घराणं पिढीजात कचेरीतलं, सासरे कोर्टातच नाझर होते; श्रीकृष्णराव तेवढे पुस्तकात रमले नाहीत. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, सोयऱ्याधायऱ्यांत शिकलेल्या बायकोनेच बोलायचं, हे कोणी न ठरवताच ठरून गेलं. श्रीकृष्णरावांनी अख्खा तालुका नावानिशी बोलावला, पण बायकोला काही कधी नावाने हाक मारली नाही. ‘अवो’ म्हटलं की त्यांचं भागायचं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द गेले. खरं तर गेले नव्हते, जागा सोडून भलतीकडे जाऊन बसले होते. साखर मागायची तर तोंडून ‘खुर्ची’ निघायचं, आणि आपण चुकलो हे त्यांना कळायचं, तेच जास्त वाईट होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, शब्द आतच आहेत, ते त्यांचे त्यांना शोधू द्या. कुंदाबाईंनी मान डोलावली. सगळा जन्म मुलांच्या तोंडून उत्तरं काढण्यात गेला होता, त्यांना हे नवीन नव्हतं.

बाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. यवतमाळला जाऊन त्यांनी म्हातारपणीच्या मेंदूच्या आरोग्याचं एक शिबिर केलं आणि दर गुरुवारी दुपारी दत्तमंदिराच्या सभामंडपात ‘मेंदूची शाळा’ भरवायला सुरुवात केली. उलटे पाढे, डाव्या हाताने रांगोळीचे ठिपके, बाजारातली जुनी दुकानं ओळीने आठवणं, असे खेळ चालायचे. “कोडं सोडवून कोणाचं म्हातारपण टळत नाही,” असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या. “पण बीपीची गोळी वेळेवर घ्या, पायी फिरा, चार माणसांत बोला, रोज काहीतरी नवं शिका. विळा वापरात असला की गंजत नाही.” शाळेचा नियम एकच होता: कोणी कोणाचं उत्तर सांगायचं नाही.

हा नियम विमलताई मत्तेंना काही झेपायचा नाही. त्या आणि त्यांचे यजमान रामराव जवळच्या खेड्यातून यायचे. कापूस-सोयाबीनची चांगली शेती, दोघंही ठणठणीत तब्येतीचे. रामरावांनी तोंड उघडायच्या आत विमलताईंचं उत्तर तयार असायचं.

“विमलताई, त्यांचं डोकं त्यांना वापरू द्या,” कुंदाबाई म्हणायच्या.

“मॅडम, आजवर माह्यंच वापरून राह्यले ते,” विमलताई म्हणायच्या, “आता सोताचं कुठून आणतीन?”

मंडप हसायचा, रामरावसुद्धा हसायचे. श्रीकृष्णराव त्याच गोलात शेवटच्या खुर्चीवर बसलेले असायचे. त्यांची पाळी आली की कुंदाबाई हळूच पुढे सरकायच्या. “यांचं राहू द्या, दमतात ते.”

घरी तर पाळी यायचीच नाही. त्यांनी नुसतं “ते... ते...” म्हणायचा अवकाश, कुंदाबाई चष्मा आणून द्यायच्या, पाणी द्यायच्या, पंखा लावायच्या. बहुतेक वेळा बरोबरही असायचं. हळूहळू त्यांचं ‘ते’ सुद्धा बंद झालं. ते नुसतं बोट दाखवायचे, मग नुसतं बघायचे. दुखणं वाढतंय, हा माणूस एक दिवस पार मुका होणार, ही भीती कुंदाबाईंच्या पोटात घर करून बसली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पुण्याच्या मुलाला, क्षितिजलाही नाही.

एका रविवारी त्या न्हाणीघरात असताना फोन वाजला. वाजता वाजता थांबला, आणि मग बाहेर कोणीतरी बोलताना ऐकू आलं. कुंदाबाईंनी नळ बंद केला.

“आई... न्हाऊन... राह्यली,” श्रीकृष्णराव सांगत होते. मध्येच थांबले, बराच वेळ थांबले. “काल... फिरून आलो. कोर्टापर्यंत. पिंपळ... तोडला त्यायनं.”

कुंदाबाई ओल्या केसांनीच बाहेर आल्या. त्यांना पाहताच श्रीकृष्णरावांनी फोन पुढे केला आणि निमूट खिडकीपाशी जाऊन बसले.

“बाबा बोलत होते तुझ्याशी?” त्यांनी क्षितिजला विचारलं.

“तू घरात नसलीस की बोलतात ना. वेळ लागते, पण बोलतात,” क्षितिज म्हणाला. “काहून, तुझ्यासमोर नाही बोलत?”

त्यांनी काहीतरी सांगून फोन ठेवला. आधी त्यांना राग आला, तोही नवऱ्याचाच. मग लाज वाटली, आणि ती लाज पाटावर भाजी चिरायला बसल्या तरी जाईना. दर गुरुवारी विमलताईंना दटावणारी बाई घरी नवऱ्याचे शब्द त्याच्या ओठांवरून उचलून घेत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुखणं वाढलं नव्हतं. ऐकणारं माणूस थांबत नाही म्हणून बोलणारा थांबला होता.

दुसऱ्या दिवसापासून कुंदाबाईंनी तोंडात लवंग धरली. बोलावंसं वाटलं की ती दाताखाली दाबायची, असा बेत. सकाळी चहा पुढ्यात आला आणि श्रीकृष्णरावांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. चहात साखर नव्हती, ती कुंदाबाईंनी मुद्दाम घातली नव्हती. ते वाट बघत राहिले. कुंदाबाई लवंग दाबून बसल्या. “खुर्ची,” ते म्हणाले, आणि स्वतःवरच चिडले. पुन्हा काही जुळवलं, पुन्हा सोडलं. चहावर साय धरली. शेवटी “साखर” असं एकदम स्वच्छ बाहेर पडलं आणि दोघंही दचकले. चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

रोजच असं साधलं असं नाही. एकदा टॉवेलपायी इतका वेळ लागला की बाईंनी लवंग चावून खाल्ली आणि “टॉवेल हो, टॉवेल,” म्हणून मोकळ्या झाल्या. जुनी खोड ती, एका आठवड्यात जाते थोडीच. पण घरात ‘ते... ते...’ परत आलं, आणि त्याच्यामागून एकेक शब्दही यायला लागला.

मग एका गुरुवारी शाळेत नावांचा फेरा होता: प्रत्येकाने गोलातल्या सगळ्यांची नावं सांगायची. श्रीकृष्णरावांची पाळी आली तशा विमलताईच म्हणाल्या, “त्यायचं राहू द्यायचं ना मॅडम?” कुंदाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि नवऱ्याकडे हात केला. तोंडात लवंग होतीच.

श्रीकृष्णराव उठले आणि चक्क दाराकडे चालायला लागले. रुसून निघाले असंच सगळ्यांना वाटलं. पण दारात पोचून ते वळले, छाती भरून श्वास घेतला, आणि बोलताना अडखळणारा तो आवाज जुन्या चालीत सुटला. “रामराऽव बळीराम मत्ते, हाजीर होऽ”

रामराव ताडकन उभे राहिले. “हजर हाओ साहेब,” म्हणाले, आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघायला लागले. बांधाच्या दाव्यात त्यांनी किती वेळा ही हाक ऐकली होती. पुढे विमलताई झाल्या, त्यांच्या शेजारच्या भगवानरावांचं नाव दोनदा अडकून तिसऱ्यांदा सुटलं. उरल्या कुंदाबाई. श्रीकृष्णरावांनी तोंड उघडलं, मिटलं. विमलताईंचे ओठ हलायला लागले तसं कुंदाबाईंनी बोट वर केलं. स्वतःचंच नाव त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं, ते त्यांनी लवंगेसकट दाबून धरलं. श्रीकृष्णरावांनी कपाळाचा घाम पुसला.

“पुढची... तारीख,” ते म्हणाले.

सगळे हसले, तेही हसले. कुंदाबाई हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले. लवंग फार तिखट निघाली, असं त्यांनी विमलताईंना सांगितलं.

ती तारीख लांबत गेली, कोर्टात लांबते तशी. या दिवसांत गावांची नावं परत आली, भाज्यांची आली, जुन्या वकिलांची आली. बायकोचं येईना. कुंदाबाईंना ते लागलं. शाळेत त्या मॅडम, मुलाची आई, नवऱ्याची अवो. कुंदा म्हणणारी माहेरची माणसं एकेक करून गेली होती. जे नाव यांनी कधी घेतलंच नाही ते यांच्या डोक्यात सापडणार तरी कुठून, असं त्यांच्या मनात यायचं, आणि वाईट वाटायचं.

एका सकाळी त्या भाकरी थापत होत्या. श्रीकृष्णराव फिरून आले, फाटक वाजलं, पण पावलं आत आली नाहीत. फाटकाशी कोणीतरी मोठा श्वास घेतला.

“कुंदाऽ... श्रीकृष्ण... मुळावकर, हाजीर होऽ”

समोरच्या घरातली साधना गॅलरीत आली. “मॅडम, काका तुम्हाले बोलावून राह्यले,” ती म्हणाली. कुंदाबाईंनी खिडकीतूनच तिला ओठांवर पिठाचं बोट ठेवून दाखवलं. दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा मोकळी. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिसऱ्या पुकाऱ्याची वाट बघत दाराआड उभ्या राहिल्या.