प्रोफेसरांचं बीट

गल्लीच्या तोंडाशी लाँड्री चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे प्रोफेसर म्हणत. कॉलेजची पायरी ते चढले होते ती फक्त तिथले पडदे धुवायला आणण्यापुरती. पण डागांवर त्यांचं व्याख्यान ठरलेलं. शर्ट उजेडात धरून ते गिऱ्हाइकाला सुनवायचे, "हा चहा नाही, गंज आहे. आणि हे रक्त. गरम पाण्यात बुचकळलंत ना? आता भोगा!"

अशा या जाणकाराला एका सकाळी लघवी लालभडक झाली. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं आणि निदान केलं, "बीट!"

इस्त्रीच्या टेबलामागून बायकोने विचारलं, "बीट कधी खाल्लंत?"

"परवा."

"परवा दुधी होता."

"मग उष्णता असेल. दिवसभर वाफेत उभा असतो मी."

वाफेत तीही उभी असायची, पण नवऱ्याच्या शास्त्रात या गोष्टीला जागा नव्हती. ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून या."

"दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरला काय सांगू, रंग आवडला नाही म्हणून?" असं म्हणून त्यांनी सिगारेट पेटवली. विचार करायला ती लागायचीच, आणि प्रोफेसर तीस वर्षं सतत विचार करत आले होते.

दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. प्रोफेसरांची छाती फुगली. भरपूर पाणी पिऊन आपण रोग कसा पळवला, हे त्यांनी चार गिऱ्हाइकांना ऐकवलं. महिन्याभराने लाली परतली, आणि या वेळी सोबत रक्ताच्या गाठी होत्या. गाठींचं बीट करता येईना. तरी ते गप्पच राहिले. बायकोला कळलं ते बाथरूमचं दार तासभर उघडेना आणि तिने खोदून विचारलं तेव्हा. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. "जळजळ होते? कंबरेतून कळ येते? ताप? रक्त पातळ करायची गोळी?"

"काहीच नाही," प्रोफेसर ऐटीत म्हणाले. "दुखतसुद्धा नाही. म्हणजे विशेष काही नसणार ना?"

"दुखलं असतं तर मला कमी काळजी वाटली असती, काका. जंतुसंसर्गात बहुधा जळजळ होते, खडा कळ आणतो. प्रोस्टेट वाढलं किंवा मूत्रपिंडाला सूज आली, तरी रक्त जातं. पण वय पन्नाशीपुढचं, सिगारेट, आणि न दुखता रक्त, म्हणजे मूत्राशयात गाठ नाही ना, हे बघावंच लागतं. मध्ये थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं."

"बिटानेसुद्धा लाल होते म्हणतात," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"होते की. तुम्ही खाल्लं होतंत?"

प्रोफेसरांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र अगदी मन लावून बघत होती.

लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, मग दुर्बीण घालून पाहिलं. मूत्राशयात छोटी गाठ निघाली. दुर्बिणीतूनच काढली. तपासणीत ती कर्करोगाची ठरली, पण वरवरची, स्नायूत न शिरलेली. "आणखी वर्षभर विचार करत बसला असतात, तर गोष्ट वेगळी होती," बाई म्हणाल्या. सिगारेट त्या दिवशी सुटली. दर तीन महिन्यांनी दुर्बीण मात्र गळ्यात पडली.

घरी आल्यावर, दार लावून, प्रोफेसर पलंगाच्या कडेला बसून रडले. "घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा म्हणाले, आणि तुम्ही माझ्यावर खेकसलात." मग तिने त्यांना पाणी दिलं.

आता ते कपडे घेताना गिऱ्हाइकांना त्यांच्या लघवीचा रंग विचारतात. बऱ्याच जणांनी दुसरी लाँड्री धरली आहे.