खिडकीखालचा टीव्ही

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत, माझ्या पुढच्या सीटवरच्या दोन कॉलेजच्या मुली मोबाईलवर कोडं सोडवत होत्या. जुन्या मालिकेचं शीर्षकगीत, एक पॉप गाणं आणि लिमलेटच्या गोळ्यांची एक जाहिरात, असे तीन तुकडे वाजायचे. तिन्हींत सारखं काय, ते ओळखायचं. मी लगेच मान पुढं घातली. गावातला पहिला टीव्ही आमच्या घरी आला, ही ऐट अजून उतरलेली नाही. मालिकेतली पात्रं, जाहिरातीतल्या मुलीचा फ्रॉक, सगळं सांगून टाकलं. उत्तर मात्र येईना.

माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. मांडीवर केळ्यांची पिशवी, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलीय. पण तिची बोटं पिशवीवर ठेका धरून होती. तिसरा तुकडा संपला तशी डोळे न उघडताच म्हणाली, "तिन्हीत गाणारी बाई एकच हाय."

उत्तर बरोबर निघालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. "मावशी, कसं काय ओळखलं?"

"आमच्याकडं कुठला टीव्ही? शेतमालकाच्या घराच्या खिडकीखाली बसून आइकायचे. चित्र दिसायचं न्हाई, मग आवाजच पाठ झाले." ती ताठ बसली आणि माझ्याकडं वळली. "तुमी बघितलं, भाऊ. मी आइकलं."

मी ओशाळलो. "बाहेर पोरं जमली की आमच्या घरची खिडकी मीच लावून घ्यायचो."

ती मोकळेपणानं हसली. "लावा की! आवाज थोडाच आडतोय खिडकीनं?"