थाळीतला मणी

काल आईचं जुनं मंगळसूत्र पुन्हा ओवायला घेतलं आणि त्यातला एक सोन्याचा मणी तळहातावर घरंगळला. हाच तो मणी.

ऐंशीच्या दशकात आम्ही ग्लासगोला राहत होतो, तिथून एकदा उत्तरेला फिरायला गेलो होतो. तिथे कधीकाळी ओढ्यात सोनं सापडलं म्हणून झोपड्यांचं गाव वसलं आणि वर्षभरात उठलं. उरलं होतं नुसतं गवत. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असलेल्या बाबांना नुकतीच तिसऱ्यांदा कन्सल्टंटची, म्हणजे वरच्या डॉक्टरची, पोस्ट नाकारली होती. बर्फासारख्या पाण्यात उभे राहून ते इतर प्रवाशांसारखे सोन्याचे कण शोधायला भाड्याच्या थाळीत ओढ्यातली वाळू धूत होते. आईचं मंगळसूत्र सकाळीच तुटलं होतं, मणी माझ्या खिशात होते. मी गंमत म्हणून त्यातला एक सोन्याचा हळूच थाळीत टाकला.

"सापडलं!" बाबा ओरडले. आसपासच्या गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई वाकली. "अहो, हा माझा मणी आहे." मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्लिशमध्ये म्हणाली, "इथेही ह्यांना काही मिळालेलं नाही."

सगळे हसले. मी तर पोट धरून हसले.

काल मणी खिडकीत धरला. दोऱ्याचं भोक आरपार, लख्ख दिसतं. बाबांनाही दिसलंच असणार. तरी ते ओरडले, कारण मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते.