गोठ्याच्या झरोक्यातला एक्स-रे

"दंडाच्या हाडात गाठ दिसतेय," रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी गेले होते खांदा दुखतो म्हणून. आंबे उतरवताना झेल्याची, टोकाला जाळी बांधलेली लांब काठी उचलून खांदा धरलाय, एवढंच माझं म्हणणं होतं.

एमआरआय झाला. रिपोर्टसाठी नवऱ्याशेजारी बाकावर बसले तेव्हा मी पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा लावत होते. थांबले असते तर रडले असते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. एन्कॉन्ड्रोमा म्हणजे हाडाच्या आतली कूर्चेची साधी गाठ, ती कॅन्सर नव्हे. पण तशीच दिसणारी दुसरी असते, लो-ग्रेड, म्हणजे संथपणे वाढणारी. ती निघाली तर हाड आतून खरवडून सिमेंट भरावं लागतं. "तुमची कुठली, हे तुकडा तपासूनही दरवेळी नक्की कळत नाही. वाढतेय का, ते कळायला हवं. या खांद्याचा जुना एक्स-रे आहे?"

होता. आठ वर्षांपूर्वी कातळावर पडले होते, तेव्हाचा. पण तो मीच रद्दीत टाकला होता. इतका राग आला स्वतःचा.

नवरा हळूच म्हणाला, "तो गोठ्यात आहे गो."

आमचे हे काहीच टाकत नाहीत. फुटकी बादली, गंजके खिळे, सगळं म्हणे लागेल कधीतरी. त्यावरून मी जन्मभर यांचं डोकं खाल्लंय. पावसाची झड आत येते म्हणून यांनी ती फिल्म रद्दीतून काढून झरोक्याला ठोकली होती. रोज दूध काढायला मी तिच्याखालीच बसत होते.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो. चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं, वर धुरीचा थर. डॉक्टरांनी ती पुसली, नव्या फिल्मशेजारी उजेडावर लावली आणि पट्टीने मोजलं.

"तेव्हाही होती. एवढीच होती."

मला रडू आवरेना. आठ वर्षांपूर्वी हाड मोडलंय का, तेवढंच सगळे बघत होते. ही साधीच गाठ, असं मुंबईतल्या हाडांच्या गाठी बघणाऱ्या डॉक्टरांचंही मत पडलं. दुखणं खांद्याच्या शिरेचं निघालं, त्याला व्यायाम दिला. गाठीला हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी बघायचं. वाढली किंवा हात स्वस्थ असतानाही दुखू लागली, तर पुढचा विचार.

तुम्हालाही कुणी असं सांगितलं तर भीती वाटेल, वाटू दे. पण घरातले जुने एक्स-रे शोधा आणि डॉक्टरांना दाखवा.

यंदा मी पुन्हा झेला धरला. उघड्या झरोक्याला लावायला यांनी खताची रिकामी पिशवी काढली. तीही मी टाकायला ठेवलेली. मीच ती धुतली आणि यांच्या हातात दिली.