वहिनीने मागे सरकवलेलं सभागृह

माझी वहिनी स्ट्रक्चरल इंजिनियर. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, नानाखेडा भागात, घराच्याच पुढच्या खोलीत तिचं ऑफिस आहे. देवास गेटजवळच्या जागेवर आमच्या मराठी मंडळाचं नवं सभागृह बांधायचं ठरलं, तेव्हा डिझाइनचं काम तिच्याकडे आलं. मी मंडळाचा चिटणीस, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोरच घडलं.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. त्यांना सभागृह रस्त्याला लागून हवं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आम्ही दोघं वहिनीच्या ऑफिसात गेलो. तिने नकाशा उलगडला तर इमारत चांगली मागे गेलेली आणि पुढे नुसतं मोकळं अंगण. त्यात मंचही आखडला होता.

"हे काय गं?" काकांनी विचारलं.

"काका, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, त्या मोठ्या त्रिकोणी चौकटी, क्रेनने चढवायच्या. रस्त्यावरून हाय टेन्शनची लाइन गेलीय. इमारत पुढे घेतली तर क्रेन त्या तारांना खेटूनच फिरेल."

"ते ठेकेदार बघेल ना. कैसे भी चढा लेगा."

"चढवेल. पण त्याला तारांजवळ जायला लावायचं की नाही, ते इथे ठरतं, नकाशावर. कायद्यातही आहे, डिझाइन करणाऱ्याने बांधणाऱ्यांच्या जिवाचा विचार आधी करायचा."

"असले कायदे इथे कोण बघतं?"

"मी बघते," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, की चेहरा बदलला नाही. "पुढेच हवं असेल तर दुसऱ्या कोणाची सही घ्या, मला राग नाही." आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

परतताना रिक्षात काकांनी तो नकाशा मांडीवर पसरला. मग म्हणाले, "तुझी वहिनी भारी जिद्दी आहे." थोड्या वेळाने, "मंच जरा छोटा असला तर चालेल का रे आपल्याला?"

कैच्या चढवायच्या दिवशी सकाळी हवा शांत होती. जोडकाम वहिनीने जमिनीवरच करून घेतलं होतं, म्हणजे वर माणसांना कमीत कमी काम. दोन कैच्या नीट बसल्या. पुढची अर्ध्यावर असताना अचानक वारा सुटला आणि तिचं टोक गर्रकन रस्त्याकडे फिरलं. खाली दोर धरलेली माणसं ओढली गेली. वहिनीने माझं मनगट घट्ट पकडलं. टोक तारांच्या दिशेने आलं खरं, पण मध्ये ते अख्खं अंगण होतं. क्रेनवाल्याने कैची सावकाश खाली टेकवली.

"मैडम, अच्छा हुआ इतनी जगह छोड़ी," तो घाम पुसत म्हणाला.

"पहले सब लोग चाय पी लो. हवा रुकने दो."

तोवर मला वाटायचं, वहिनीला कशाची भीती म्हणून नाही. त्या दिवशी कळलं, की तिला भीती वाटते, आणि ती आपली भीती नकाशाला बसतानाच कामी लावते.

उद्घाटनाला काका पाहुण्यांना अंगण दाखवत होते. "मुलांना खेळायला मुद्दाम जागा सोडली आम्ही!" मी वहिनीकडे पाहिलं.

"बोलू द्या हो भाऊजी," ती हसून म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्याशा शाळेच्या इमारतीचं काम होतं. कोपऱ्यात उभी राहून ती पलीकडच्याला सांगत होती, "नाही, गच्चीवरच्या टाकीपर्यंत जिनाच हवा. शिडी नको. टाकी साफ करायला कोणीतरी चढणारच ना?"